झेंड्याचा कवडू

"जवाईबुवा, उतरा आता खाली. तुमचं नाव घेऊन राहिले लोक," नत्थूजी म्हणाले आणि कवडू कळंबे गच्चीच्या कठड्यापासून मागे सरकला.

लोक खरंच नाव घेत होते. पोळ्याचा दुसरा दिवस, गोटमारीचा. जाम नदीत पळसाचं झाड रोवलेलं, त्याच्या शेंड्याला झेंडा. अलीकडून पांढुर्ण्याचे, पलीकडून सावरगावचे, आणि मधे नुसती दगडांची फेकाफेक. झाडाशी पोचून जो झेंडा तोडेल त्याची बाजू जिंकली. दुपार कलली तरी झेंडा जागचा हलला नव्हता. मग काठावर कुणीतरी हाकाटी सुरू केली, कवडू कळंबे, कवडू कळंबे! आणि बघता बघता सगळा काठ तेच ओरडू लागला.

गच्चीवर बसलेल्या या कवडू कळंबेने मात्र जन्मात त्या नदीत खडासुद्धा टाकला नव्हता. संत्र्यांच्या पेट्यांना खिळे ठोकणारा साधा माणूस तो. अन् या भागात कवडूंना काय तोटा? आधीची लेकरं दगावली की पुढचं जगावं म्हणून त्याला शेजारणीला एका कवडीत विकायचं, परत घ्यायचं आणि कवडू म्हणायचं. पांढुर्ण्यात तर आडनावासकट दोन निघाले. एकाने झेंडा तोडला आणि पार सौंसर-मोहगावपर्यंत नाव केलं. दुसऱ्याला गल्लीबाहेर कुणी ओळखत नव्हतं.

मोहगावच्या नत्थूजींनी पोरीसाठी निरोप धाडला तो झेंड्याच्या कवडूला. पोचला तो या कवडूला. हा बिचारा नवे कपडे घालून पोरगी बघायला गेला. बैठकीत नत्थूजींनी विचारलं, झेंडा तोडणारे कवडू कळंबे ते तुम्हीच ना? तेवढ्यात इंदू पोह्यांच्या बशा घेऊन आली. याने तिच्याकडे पाहिलं, नाही म्हणायचं राहून गेलं आणि मान खाली गेली. ती मान नत्थूजींना फार आवडली. एवढा नावाजलेला माणूस, पण गर्व म्हणून नाही! लहानपणी शिडीवरून पडून कपाळाला खोक पडली होती, तीही मग दगडाचीच ठरली.

इथवर एक वेळ ठीक होतं हो. पण एकदा गप्प राहिलेल्या माणसाला पुढे बोलणं भाग पडतं. दिवाळीला सासुरवाडीला गेला की ओसरीवर माणसं जमायची आणि हा सांगायचा, कुऱ्हाड कमरेला कशी खोचली, दगड कानाजवळून कसे जात होते. पहिल्या वर्षी अडखळत, मग चांगले हातवारे करून. ऐकणाऱ्यांत इंदूचा भाऊ मधुकरही असायचा. त्याचा डावा डोळा गोटमारीतच गेला होता. डोळा चंडीमातेला वाहिला, असं नत्थूजी अभिमानाने सांगायचे. मधुकर स्वतः काही बोलायचा नाही.

दर गोटमारीला कवडूला ठरवून ताप यायचा, नाहीतर जामसांवलीच्या मारुतीचा नवस आठवायचा. यंदा नत्थूजी आणि मधुकर न कळवताच पोळ्याला येऊन बसले. सासऱ्याच्या मनातून उतरलो तर उतरलो, कवडूला वाटलं. पण इंदूचं काय? तिने झेंड्याच्या कवडूला माळ घातली होती. पेट्या ठोकणाऱ्याकडे तिने ढुंकून तरी पाहिलं असतं का? या एका भीतीपायी त्याने आजवरची वर्षं ढकलली होती.

"आंग गरम हाये, मामाजी," तो कसाबसा म्हणाला. नत्थूजींनी इंदूच्या देखत त्याचा दंड धरून त्याला उठवलंच. तेवढ्यात खालचा काठ एकदम उसळला. एक धिप्पाड माणूस कुऱ्हाड घेऊन पाण्यात शिरला होता. अंगावर दगड झेलत तो झाडाशी पोचला. झाडावर घाव बसू लागले, झेंडा खाली आला, आणि चंडीमातेचा जयजयकार करत लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पुन्हा तेच नाव, कवडू कळंबे, कवडू कळंबे.

नत्थूजींनी धरलेला दंड सोडला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती टोपी सारखी केली आणि ते जिना उतरून गेले. मधुकर त्यांच्यामागे निघाला. जाताना त्याने कवडूच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताने कवडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गच्चीवर नवराबायको दोघंच उरली. कवडूने खाली बघत सगळं सांगून टाकलं. निरोप कसा चुकून आला, आपण नाही कसं म्हणालो नाही, तिचा बाप फसला, ती फसली. आता ती म्हणेल ते कबूल. त्याला स्वतःचा आवाजसुद्धा ऐकवत नव्हता. इंदू नदीकडे बघत होती. काठावरून लोक जखमींना उचलून नेत होते.

"मी काई फसली नव्हती," ती म्हणाली. "तुमी पाहाले आले तवाच दादानं आत येऊन मले सांगतलं, हा तो नव्हे, त्याले म्या नदीत पाह्यलं हाये. मीच म्हटलं, बाबाले बोलू नको."

कवडूने मान वर केली. "काऊन?"

"दादाचा डोळा म्या माह्या हातानं बांधला होता. या खेळातला माणूस मले घरात नको होता. तुमी तो कवडू नव्हते, म्हणून तर मी हो म्हटलं." ती पदर सावरून उठली. "आन तुमी गोष्टी सांगून सांगून दरसाल त्यालेच घरात आणून बसवलं."