इंजिनाचं पाणी

अकोल्याच्या कापसाच्या जिनात इंजिनाची नोंदवही होती. इंजिनातून फिरून बाहेर पडणारं पाणी किती तापलंय, ते ड्रायव्हर देवमन तिच्यात रोज लिहायचा. सोमवारी त्यानं ‘गरम’ लिहिलं, मंगळवारी ‘कोमट’, बुधवारी ‘थंड’.

“चालत्या इंजिनाचं पाणी थंड काहून?” मालक घाबरले. त्यांनी लगेच तार करून नागपूरहून इंजिनियर बोलावला. त्यानं इंजिन पूर्ण खोललं. बिघाड काही सापडला नाही.

“थर्मामीटर कुठे आहे?” त्यानं विचारलं.

“तो मांगंच फुटला, सायेब,” फिटर श्रावण म्हणाला. “देवमन पाण्यात हात घालूनच पाहे.”

“बोलवा त्याला.”

 

“कुठून बोलावू, सायेब? अंग तव्यावानी तापलं होतं त्याचं. बुधवारीच गेला.”