कुमुदचा हात

ओट्यावरचा यंत्रहात भाकऱ्या थापत होता. दिगंबररावांच्या पहिल्या बायकोनं, कुमुदनं, जाण्याआधी वर्षभर मनगटाला हालचाली टिपणारा पट्टा बांधून स्वयंपाक केला होता, आणि आपली सगळी रीत त्या हाताला शिकवून ठेवली होती.

"बघ, कुमुदची भाकरी कशी टम्म फुगते!" दिगंबरराव ताटावर बसत म्हणाले.

शैलजा बघतच होती. दोघांचंही हे दुसरं लग्न. त्याला आठवडा झाला, तरी ओट्यापाशी तिला जागा मिळाली नव्हती. जिवंत सवत परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं. ही बोलत नव्हती, दमत नव्हती, मिठातसुद्धा चुकत नव्हती.

"अहो, उद्यापासून मी करते. हा हात काढून ठेवा ना."

"तुला कशाला उगाच त्रास? शिवाय त्यात तिची चव आहे."

तेवढ्यात एक भाकरी करपली. नक्कल इतकी खरी होती, की कुमुदची एखादी करपायची तीसुद्धा त्यात उतरली होती. शैलजाला मनातून बरंच वाटलं. पण यंत्रहातानं ती भाकरी ताटात वाढलीच नाही, ओट्याच्या कोपऱ्यात एका झाकणावर बाजूला ठेवली.

"ही कुणासाठी?"

"ती होय? करपलेली कुमुद स्वतःला ठेवायची. तिला आवडायची तशी."

पहिल्या संसारात शैलजाही तेच करायची. तिथंही सगळे हेच म्हणायचे.

तिनं झाकणावरची भाकरी उचलली, दिगंबररावांच्या ताटात वाढली आणि त्यांची फुगलेली आपल्याकडे घेतली.

"अगं, ही करपलीय!"

"खाऊन तर बघा," शैलजा म्हणाली. "कुमुदताईंना किती आवडायची ते कळेल."