आवीनोच्या गळ्यातला बिल्ला

शेवटचा तास सुरू झाला तरी लाकडी बिल्ला आवीनोच्याच गळ्यात. सकाळी ठेच लागली आणि तोंडातून "मायो!" निघून गेलं. झालं! शाळेत घरची लुओ भाषा बोलायची नाही, फक्त इंग्रजी; जो चुकेल त्याच्या गळ्यात बिल्ला. आता दुसरं कुणी चुकलं तरच सुटका, नाहीतर घंटेनंतर संडास घासायचे. आणि तिकडे बेटावरच्या शाळेच्या पोरी फुटबॉलच्या सामन्यासाठी होडीतून उतरून मैदानात बूट बांधत बसलेल्या. आवीनो गोलकीपर. दुसरी गोलकीपर नाहीच.

तिच्या मैत्रिणीने, अलूने, दुपारी मुद्दाम लुओत बोलून बिल्ला मागितला होता. पण नियम ओगोला सरांचा. "मुद्दाम केलेली चूक ही चूक नव्हे," म्हणाले. स्वतः कसले चुकतात! गांधीलमाशी चावली तेव्हासुद्धा इंग्रजीतच विव्हळले होते.

सर वर्गात आले. खिडकीतून मैदानाकडे बघितलं, पुस्तक मिटलं आणि फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'तो गळाला लागला.'

"अर्थ सांगा."

सगळी कोळ्यांची पोरं. आवीनोने हळूच अलूकडे पाहिलं आणि हात वर केला.

"सर, गळ म्हणजे काय हो?"

सरांनी समजावलं. चित्र काढलं.

"पण सर, माणूस मासा कसा होईल?" अलू म्हणाली.

"सर, आमिष कसलं होतं? ओमेना मासळी की गांडूळ?" मागून कुणीतरी.

वर्गाला चेव चढला. सर घामाघूम. शेवटी खडू आपटून अस्सल लुओत कडाडले, "अरे ठोंब्यांनो, तुमचे बाप रोज सरोवरात काय झोपा काढायला जातात?"

आवीनो उठली. तिने बिल्ला काढून पुढे धरला.

"सर... नियम."

सरांनी मुकाट्याने मान वाकवली. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. घंटा झाली आणि आवीनो खिडकीतूनच उडी मारून पळाली.

मुख्याध्यापिका संडासाकडे आल्या, तेव्हा सर बाह्या वर करून फरशी घासत होते. मैदानावर आवीनोच्या नावाचा गजर चालला होता.

"ओगोला! इतक्या वर्षांत कधी नाही, आणि आज पोरांनी तुम्हाला फसवलं?"

सरांनी बादली उपडी केली.

"मग काय मॅडम, गोलात मी उभा राहणार होतो?"