कठड्यावरचा पत्रा
मेकनेस शहरातल्या जुन्या घराच्या माडीचा कठडा पत्र्याने झाकलेला होता. “आत देवदाराचं कोरीव काम आहे, पाहुणे बघतच राहतील,” म्हणत जवादने सुताराला तो उचकटायला लावला. काम देखणं होतंच, पण मधला एक दांडा गायब. त्याच्या बायकोने, बतूलने, रांगत तिकडे निघालेली लेक झटकन उचलली. “जवाद, पत्रा परत ठोकायला सांग.” “तुझं आपलं काहीतरीच! याच माडीवर मी रांगलोय, पडलो का?” खाली चौकात पुदिना निवडणाऱ्या सासूचे हात थांबले. “तुझ्या वेळी पत्रा होता,” ती म्हणाली. “थोरल्याच्या वेळी नव्हता.” एकुलता एक जवाद जागीच थबकला. “कोण थोरला, आई?” बतूलने फटीतून पाहिलं. भर उन्हाळ्यातही सासू चौकातली जी लोकरीची गादी हलवू देत नसे, ती नेमकी फटीखाली होती. जवादने खाली पडलेला एक खिळा उचलला.