उपासाचं एक केळं

अरे, परवा काय झालं ऐका तर. आमच्या मंदाताईला बघायला धुळ्याहून पाहुणे आले. मुलगा इंजिनियर, ताईला एकदम पसंत. पोह्यांच्या बशा बाहेर नेल्या तर मुलाची आई म्हणाली, "माझी चतुर्थी आहे हो, मला नुसतं एक केळं द्या."

आता आमच्या बागेत केळीची दहा हजार खोडं उभी, आणि घरात पिकलेलं एक नाही. मी सायकल काढली आणि पळालो तोताराम नानांच्या मळ्यात, तिथं कापणी चालली होती. नाना म्हणाले, "पिकेल केळं कोठून आणू रे? आपण बठ्ठे घड हिरवेच कापतो. पिकेल माल दिल्लीपर्यंत टिकीन का? वॅगनभर हिरवा पाहिजे तर ने." तिथून दुकानदार जीवरामभाऊंकडे गेलो, तर ते हसायलाच लागले. "आपल्या गावात केळं विकत कोण घेतं रे, की मी डझनावर ठेवू?"

सगळा गाव पालथा घातला, घामाघूम होऊन रिकाम्या हातानं परत आलो, तोवर पाहुणे उठले होते. आईनं माफी मागितली, त्यांनी "राहू द्या" म्हटलं आणि गेले. ताई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीये.

आज मध्यस्थाचं कार्ड आलं.



"मुलगी त्यांना फार आवडली होती, पण केळीची बाग आहे असं खोटं सांगणाऱ्या घरात सोयरीक नको म्हणतात."