बंदर बंद

चिलीतलं बंदर बंद, आज चौथा दिवस. फाटकाबाहेर बोलिव्हियाच्या ट्रकांची रांग पार टेकडीला जाऊन भिडली होती.

"मुद्दाम अडवतात मेले," बासिलिया म्हणाली.

तिच्या ट्रकवरच्या लोखंडी पेटीत गावातल्या सत्तर घरांचं वर्षभराचं धान्य, किन्वा, होतं. हे जहाज चुकलं तर जर्मनीचा व्यापारी माल घेणार नव्हता. पेटी चढलेली डोळ्यांनी बघून ये, म्हणून गावानं तिला धाडलं होतं. साठ वर्षांत तिनं समुद्र पाहिला नव्हता. रांगेतून दिसत होत्या नुसत्या गोदामांच्या भिंती.

"लाटा फार आहेत म्हणतात, मावशी," ड्रायव्हर फ्रोइलान म्हणाला.

"लढाईत आपला समुद्र यांनीच घेतला. आता आपल्याला समुद्र नाही, म्हणून वाटेल त्या थापा मारायच्या!"

ती तरातरा उतरली आणि फाटकावरच्या एर्नानला, म्हाताऱ्या चिलियन गोदी कामगाराला, तिनं चांगलं झाडलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हेल्मेट पुढे केलं.

"टोपी काढा बाई. चला, अडवणारा दाखवतो."

धक्क्याच्या टोकाशी पोचण्याआधीच पायाखालचा दगड हादरला. मग पाणी उठलं. हिरवा डोंगरच्या डोंगर चालत आला, क्षणभर उभा राहिला आणि भिंतीवर फुटला. दूर नांगरलेली अजस्र जहाजं माना डोलवत होती. तोंडावर उडालेलं पाणी पुसायचंही बासिलियाला सुचलं नाही.

"आमचंही पोट याच्याच मर्जीवर," एर्नान म्हणाला. "दरवर्षी मिरवणुका काढून तुम्ही परत मागता, तो हाच. समजा मिळाला, तर काय कराल?"

तिनं आता कुठे तोंडावरचं पाणी पुसलं.

"आधी पाया पडू," ती म्हणाली. "मग वाट मागू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवलं. जहाज धक्क्याला लागलं. क्रेननं पेटी अलगद उचलली आणि शेकडो पेट्यांत नेऊन ठेवली. आपली कुठली, ते तिला पुन्हा ओळखू येईना. दुपारी जहाज सुटलं, लहान लहान होत गेलं.

"चला मावशी, घाट चढायचाय," फ्रोइलान म्हणाला.

बासिलिया हलली नाही.

"अरे, बघ तरी," ती हळूच म्हणाली. "एवढं मोठं, आणि कुठेच बांध नाही!"