रोबोचा हात

घटस्फोटानंतर विनीतची मुलगी सान्वी आईबरोबर डोंबिवलीला राहायची आणि रविवारी त्याच्याकडे, तिघांच्या कळव्याच्या जुन्या घरी यायची. तिला रोबो जोडायचं वेड लागलंय, हे कळल्यावर त्यानेही आयुष्यात पहिल्यांदा तसलं एक किट आणलं. दोघं फरशीवर बसली. किटमधल्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेला रोबोचा हात त्याने ओढून काढायला घेतला आणि तो कट्कन मोडला. “बाबा, ओढायचं नसतं! कटरने थोडं लांबून कापायचं, मग घासायचं. मला बाबांनी शिकवलंय,” सान्वी म्हणाली आणि तिने एकदम जीभ चावली. आईच्या नव्या नवऱ्यालाही ती बाबा म्हणू लागली होती, हे विनीतला ठाऊक नव्हतं. त्याने मोडका तुकडा तिच्यापुढे धरला. “मग मलाही शिकव ना.” ती जवळ सरकली. “घाई नाही करायची हं. चुकलं तरी चालतं,” ती म्हणाली. इतक्या शांतपणे या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.